म्युटंट उंदरांची लाइन पहिल्यांदा हाती आली की : स्प्लॉचच्या उदाहरणाने एक मार्गदर्शक

विकासजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा एक जनुकाचं नाव मिळतं, पिंजऱ्यांची एक यादी मिळते आणि "ही लाइन आता तू सांभाळ" एवढं एक वाक्य मिळतं. लाइन म्हणजे एक ठरावीक जनुकीय बिघाड असलेल्या, म्हणजेच म्युटंट, उंदरांचं पिढ्यानपिढ्या जपलेलं कुळ. ती सांभाळायची म्हणजे नेमकं काय, हे सगळ्यांना येतच असेल असं गृहीत धरलेलं असतं. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आहे. तो पुण्यात असो, हैदराबादेत असो की जर्मनीतल्या एखाद्या संस्थेत. उंदरांच्या कॉलनीतलं काम सगळीकडे सारखंच असतं.

उदाहरण म्हणून मी स्प्लॉच हा म्युटंट घेतला आहे. तो जुना आहे, त्याच्यावर भरपूर काम झालंय आणि नवशिक्याला पुढे ज्या ज्या अडचणी येतात त्यांतली जवळपास प्रत्येक अडचण त्याच्यात भेटते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. म्युटंट उंदीर एकटा पाहिला तर तो काहीच सांगत नाही. त्याच आईच्या, त्याच वेतातल्या, त्याच वयाच्या साध्या भावंडाशेजारी ठेवला की मगच तो बोलायला लागतो. जनुक बिघडलेलं असतं ते हजारो दुसऱ्या जनुकांच्या संगतीत, एका विशिष्ट मादीच्या गर्भाशयात, गर्भारपणाच्या एका विशिष्ट दिवशी. यातलं काहीही बदललं की दिसणारा परिणाम बदलू शकतो.

आधी परवानगी

भारतात प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी लागते. ही समिती सीसीएसईए या केंद्रीय समितीच्या नियमांखाली काम करते आणि त्या नियमांचं मूळ १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. जनुकबदल केलेले उंदीर असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागतं. तुमच्या वरिष्ठांची मंजुरी असली तरी त्या कागदावर तुमचं नाव आहे का, प्राण्यांची संख्या किती लिहिली आहे आणि मुदत कधी संपते, हे स्वतः वाचून घ्या. प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण झाल्याशिवाय पिंजरा उघडू नका. उंदराला वेदना न देता मारण्याची पद्धत तर अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिका आणि हात बसेपर्यंत एकट्याने करू नका. पहिले काही दिवस याचं मनावर दडपण येतं. ते साहजिक आहे आणि त्याबद्दल वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलावं.

लाइनची कुंडली

पिंजऱ्यावरचं कार्ड वाचता आलं पाहिजे. त्यावर स्ट्रेनचं, म्हणजे उंदरांच्या जातीचं, नाव असतं, जनुकाचं असतं आणि अ‍ॅलीलचं, म्हणजे त्या जनुकाच्या नेमक्या कुठल्या बिघडलेल्या रूपाचं, नाव असतं. सगळ्यात जास्त गोंधळ या तिसऱ्या नावाचा होतो. एकाच जनुकाची अनेक बिघडलेली रूपं असतात आणि त्यांचे परिणाम सारखे नसतात.

स्प्लॉचचंच बघा. १९४७ साली विल्यम रसेल यांनी त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं. काळ्या उंदराच्या पोटावर पांढरा डाग, कधी शेपटीचं टोक आणि पंजे पांढरे, म्हणून हे नाव. ४० हून जास्त वर्षं हे नाव फक्त त्या डागाचं होतं. जनुक कुठलं ते माहीत नव्हतं. १९९१ मध्ये कळलं की बिघाड पॅक्स३ या जनुकात आहे. मूळ स्प्लॉचमध्ये एका जागी डीएनएचं एकच अक्षर बदललंय आणि त्यामुळे आरएनएची जोडणी चुकते. इंग्लंडमधल्या हार्वेल इथे किरणोत्सर्गाच्या प्रयोगांतून मिळालेल्या स्प्लॉच-२एच या अ‍ॅलीलमध्ये मात्र ३२ अक्षरं गळालेली आहेत. दोन्ही पिंजऱ्यांवर 'स्प्लॉच' लिहिलेलं असलं, तरी एकाची पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो तपासण्याची) पद्धत दुसऱ्याला चालणार नाही.

आजकालच्या लाइन्समध्ये नावातच उत्पत्ती लिहिलेली असते. 'टीएम' असेल तर भ्रूणमूलपेशींमध्ये ठरवून केलेला बदल, 'ईएम' असेल तर क्रिस्परसारख्या जनुकीय कात्रीने केलेला. शेवटची अक्षरं ती लाइन कुठे तयार झाली किंवा कुठे वाढली ते सांगतात. 'जे' म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी, 'एन' म्हणजे अमेरिकेतलीच राष्ट्रीय आरोग्य संस्था. हे सगळं माउस जीनोम इन्फॉर्मॅटिक्सच्या मोफत डेटाबेसमध्ये शोधता येतं. पहिल्या आठवड्यात तिथे बसून तुमच्या अ‍ॅलीलची पूर्ण नोंद वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा: जनुक, अ‍ॅलील, बिघाड नेमका कसला, लाइन कुठून आणि कधी आली, आणि ती कुठल्या पार्श्वभूमीवर आहे. यातली एक जरी सापडली नाही तरी ज्यांनी लाइन पाठवली त्यांना पत्र लिहा.

पार्श्वभूमी : इथे घाई करू नका

ज्या स्ट्रेनच्या जनुकांमध्ये तुमचं बिघडलेलं जनुक बसलेलं आहे ती त्याची पार्श्वभूमी. २० किंवा जास्त पिढ्या भाऊ-बहिणींचा संकर केला की त्या स्ट्रेनमधले सगळे उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळजवळ सारखे होतात. अशा स्ट्रेनला इनब्रेड म्हणतात. पहिला इनब्रेड स्ट्रेन, डीबीए, क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये सुरू केला. त्यांनीच १९२१ मध्ये सुरू केलेला सी५७ब्लॅक/६ आज जगात सगळ्यात जास्त वापरला जातो. प्रयोगशाळांत त्याला नुसतं 'ब्लॅक सिक्स' म्हणतात. २००२ मध्ये उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला तो याच स्ट्रेनचा. लिटल यांना हे स्ट्रेन हवे होते ते कर्करोगाच्या अभ्यासासाठी. आपल्याकडेही इनब्रेड उंदरांची परंपरा कर्करोग संशोधनातूनच आली. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर जे काम केलं, त्यात आयसीआरसी या तिथल्या स्ट्रेनचा मोठा वाटा होता.

पार्श्वभूमीने किती फरक पडतो, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण १९९५चं आहे. ईजीएफआर हे वाढीचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचं जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले. एका पार्श्वभूमीवर भ्रूण गर्भाशयाला चिकटण्याच्या सुमारासच मेले. दुसऱ्या पार्श्वभूमीवर ते गर्भारपणाच्या मध्यापर्यंत टिकले. तिसऱ्या पार्श्वभूमीवर पिल्लं जन्माला आली आणि तीन आठवड्यांपर्यंत जगली. जनुक तेच, बिघाड तोच. मग 'हे जनुक कशासाठी लागतं' या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं निघाली असती, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने आपलंच खरं म्हटलं असतं.

म्हणून नवी लाइन मिश्र पार्श्वभूमीवर आली असेल तर तिचा ब्लॅक सिक्सशी पुन्हा पुन्हा संकर करतात. प्रत्येक पिढीत बाहेरची जनुकं साधारण निम्मी होतात. दहाव्या पिढीपर्यंत बाकीचा जीनोम जवळपास पूर्ण ब्लॅक सिक्सचा होतो आणि अशा लाइनला कन्जेनिक म्हणायचा प्रघात आहे. पण तुमच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचा तुकडा त्याच्यासोबतच येत राहतो, कारण निवड तुम्ही त्याच जागेची करत असता. दहा पिढ्यांनंतरही हा तुकडा साधारण २० सेंटीमॉर्गनचा (हे जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) असू शकतो आणि त्यात शेकडो जनुकं असतात. हा तुकडा विसरून बाजारातून आणलेले ब्लॅक सिक्स 'कंट्रोल' म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, वापरले की जो फरक दिसेल तो तुमच्या जनुकाचा आहे की शेजाऱ्याचा, हे सांगता येत नाही.

पार्श्वभूमीचे स्ट्रेनसुद्धा निर्दोष नसतात. एफव्हीबी आणि सी३एच या स्ट्रेनच्या उंदरांची दृष्टी आरडी१ या जन्मजात बिघाडामुळे लहानपणीच जाते. त्यांना पाहून मार्ग शोधायच्या चाचण्यांना बसवण्यात काही अर्थ नाही. ब्लॅक सिक्सना वय वाढलं की ऐकू येईनासं होतं. जॅक्सनच्या ब्लॅक सिक्समध्ये एनएनटी हे जनुक अर्धवट आहे, तर राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून पसरलेल्या ब्लॅक सिक्समध्ये डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करणारा आरडी८ हा बिघाड आहे. १९५१ साली वेगळ्या झालेल्या या दोन शाखा. कार्डावर नुसतं 'ब्लॅक सिक्स' लिहिलेलं असेल तर पुढचं अक्षर कुठलं ते विचारा. दोन शाखा कधीही मिसळू नका.

आणि हो, स्प्लॉचची ओळख पटवणारा पोटावरचा पांढरा डाग पांढऱ्या उंदरावर दिसतच नाही. बाल्ब/सी किंवा एफव्हीबी या पांढऱ्या स्ट्रेनशी पुन्हा पुन्हा संकर केला की रंग जातो आणि डागही जातो. जनुक मात्र तिथेच असतं. उलट, ब्लॅक सिक्समध्ये कुठलाही म्युटेशन नसताना अधूनमधून पोटावर छोटा पांढरा ठिपका येतो. डागावरून पिंजरे निवडता येतात, जीनोटाइप, म्हणजे जनुकाच्या कुठल्या दोन प्रती आहेत ते, ठरवता येत नाही.

हेट, होमो आणि जोड्या

स्प्लॉचची एक प्रत बिघडलेली असेल तर उंदीर हेटेरोझायगस, बोलताना हेट. हे उंदीर निरोगी जगतात, वितात, फक्त डाग असतो. दोन्ही प्रती बिघडल्या की होमोझायगस, म्हणजे होमो. स्प्लॉचचे होमो भ्रूण बहुतेक १४व्या दिवसाच्या आसपास मरतात. त्यांचा कणा शेपटीच्या बाजूने उघडा राहतो, पुष्कळांची कवटी आणि मेंदू उघडे राहतात, पायांचे स्नायू तयार होत नाहीत आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी दोन भागांत विभागली जात नाही. मृत्यूचं कारण बहुधा हे शेवटचं असतं.

पोटावरचा डाग आणि हृदय यांचा संबंध काय, असा प्रश्न मनात आला पाहिजे. भ्रूणातल्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती मज्जानलिका. तिच्या वरच्या कडेतून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी सुटतात आणि शरीरभर जातात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यापासूनच होतात. हृदयाच्या त्या वाहिनीत पडदा घालणाऱ्या पेशीही त्याच. पॅक्स३ बिघडलं की हा प्रवास फसतो. एक प्रत बरी असेल तर पोटापर्यंत पोचणाऱ्या पेशी तेवढ्या कमी पडतात. माणसातही पॅक्स३ची एक प्रत बिघडली की वार्डेनबर्ग सिंड्रोम होतो: कपाळावर पांढऱ्या केसांची बट, डोळ्यांचे वेगळे रंग आणि बहिरेपणा. हे १९९२ मध्ये सिद्ध झालं आणि त्या शोधाला उंदरातल्या शोधाचा थेट आधार होता.

लाइन टिकवायची असेल तर हेट नराला साधी ब्लॅक सिक्स मादी द्या, किंवा उलट. निम्मी पिल्लं हेट निघतात, कुणी मरत नाही. हेट आणि हेट अशी जोडी फक्त प्रयोगासाठी भ्रूण हवे असतील तेव्हाच लावा. वर्षानुवर्षं आपल्याच कॉलनीत भावंडांची जोडी लावत राहिलात तर तुमची लाइन हळूहळू मूळ स्ट्रेनपासून दूर जाते. काही पिढ्यांनी मूळ पुरवठादाराकडून ताजे ब्लॅक सिक्स आणून त्यांच्याशी संकर करा.

पिल्लं २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करायची, नर आणि मादी वेगळ्या पिंजऱ्यांत. मादी सहा-आठ आठवड्यांत वयात येते, त्यामुळे यात उशीर झाला तर नको असलेली वेतं होतात. मादी व्यायल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यात असेल तर ती अंगावर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहते. नुकत्याच व्यायलेल्या मादीचा पिंजरा पहिले दोन-तीन दिवस उघडू नका आणि घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या किंवा कापूस भरपूर द्या. ब्लॅक सिक्सच्या माद्या घाबरल्या तर पिल्लं खातात.

वेळ धरून जोडी

भ्रूणाचं वय अर्ध्या दिवसाने चुकलं तर सगळं चुकतं. उंदराचं गर्भारपण १९ ते २१ दिवसांचं, आणि मज्जानलिका बंद होण्याचं काम साडेआठव्या दिवसापासून साडेदहाव्या दिवसापर्यंत उरकतं. माणसात हेच काम गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात होतं, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधी.

संध्याकाळी मादी नराच्या पिंजऱ्यात ठेवा. नर एकटा राहणारा असावा आणि मादीला त्याच्याकडे न्यावं, त्याला तिच्याकडे नव्हे; अनोळखी जागी तो वास घेत फिरत राहतो. सकाळी दहाच्या आत प्लग बघा. योनीमार्गात घट्ट झालेला हा पांढुरका गोळा दुपारपर्यंत गळूनही जातो. प्लग दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५ दिवस. पुढचं सगळं यावरून मोजायचं, ई१०.५ म्हणजे प्लगनंतर दहाव्या दिवसाची दुपार ('ई' हे भ्रूणाच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर).

मादीचं माजाचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, म्हणजे कुठल्याही रात्री साधारण चार-पाच माद्यांपैकी एकच तयार असते. वाट पाहायची नसेल तर माद्यांना दोन दिवस नराच्या मळलेल्या भुशाचा वास द्या. तिसऱ्या रात्री बऱ्याच जणी एकदम माजावर येतात. याला व्हिटन परिणाम म्हणतात. याच्या उलट एक धोका आहे. प्लग लागलेल्या मादीला पहिल्या काही दिवसांत अनोळखी नराचा वास आला तर गर्भ रुजतच नाही. हिल्डा ब्रूस यांनी हे १९५९ मध्ये दाखवलं. म्हणून प्लग लागलेल्या माद्या शांत कोपऱ्यात, दुसऱ्या नरांपासून लांब ठेवा. अंगावर पाजणाऱ्या मादीला वेळ धरून करायच्या प्रयोगासाठी वापरू नका, कारण तिच्यात भ्रूण रुजायला उशीर होतो आणि दिवसांचा हिशेब बिघडतो.

प्लग म्हणजे समागम झाला, गर्भ राहिलाच असं नव्हे. दहाव्या दिवसापर्यंत वजन चांगलं वाढलेलं नसेल तर मादीला विनाकारण मारू नका. तिला पुन्हा जोडीला लावता येतं.

भ्रूण काढताना

गर्भाशय थंड फॉस्फेट बफरमध्ये काढून घ्या. गर्भाशयाच्या दोन फांद्यांमधल्या (त्यांना शिंगं म्हणतात) गाठी डावीकडून उजवीकडे मोजा आणि चित्र काढा. एखादी गाठ छोटी, काळपट असेल तर तो आधीच मेलेला भ्रूण. तो वगळू नका, चित्रात खूण करा. नंतर आकडे जुळेनासे झाले की हीच खूण उत्तर देते.

प्रत्येक भ्रूणाला क्रमांक द्या आणि त्याची पीतक पिशवी त्याच क्रमांकाच्या नळीत टाका. पिशवी आईच्या ऊतींपासून नीट सोडवून दोनदा धुतली पाहिजे. आई हेट असते. तिच्या चार पेशी जरी नळीत गेल्या तरी साधा भ्रूण किंवा होमो भ्रूण, दोन्ही हेट दिसतात. प्लेटभर हेटच हेट निघाले तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

भ्रूण फिक्स करण्याआधी, म्हणजे रसायनात टिकवून ठेवण्याआधी, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढा आणि सोमाइट मोजा. सोमाइट म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना क्रमाने तयार होणारे ठोकळे, आणि भ्रूणाचं खरं वय तेच सांगतात. एकाच वेतातली भावंडं अर्ध्या दिवसाइतकी मागे-पुढे असतात. साध्या उंदरात मज्जानलिकेचं शेपटीकडचं तोंड साधारण २९-३० सोमाइटना बंद होतं. तुमच्या म्युटंटचे सोमाइट २४ असतील आणि तोंड उघडं असेल तर तो दोष नाही. भ्रूण फक्त लहान आहे. तोच ३६ सोमाइटना उघडा असेल तर स्पायना बायफिडा, म्हणजे उघडा राहिलेला कणा. हा फरक न करता लिहिलेले कितीतरी अहवाल पुन्हा तपासावे लागतात.

जे दिसलं ते जीनोटाइप कळण्याआधी वहीत लिहा. होमो आहे हे माहीत असलं की डोळा दोष शोधायला लागतो आणि सापडवतोही. त्यानंतर भ्रूण पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये, रात्रभर, चार अंशांवर. हे रसायन फक्त फ्यूम हूडमध्ये हाताळायचं.

जीनोटाइप

मोठ्या पिल्लांचा कानाचा बारीक तुकडा पुरतो आणि त्या भोकानेच त्याची ओळख राहते. डीएनए सोडवायला सौम्य अल्कलीत ९५ अंशांवर उकळण्याची साधी पद्धत चालते. भ्रूणांसाठी प्रोटिनेज-के वापरून केलेलं काम जास्त स्वच्छ येतं. स्प्लॉच-२एचमध्ये ३२ अक्षरांचा फरक आहे, त्यामुळे एकाच जोडी प्रायमरने (पीसीआर जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) दोन लांबीचे पट्टे मिळतात. जेल घट्ट करा, तीन टक्के अ‍ॅगरोज, आणि घाई न करता चालवा, नाहीतर पट्टे वेगळे होत नाहीत. हेटमध्ये वर तिसरा पुसट पट्टा दिसला तर दचकू नका. दोन लांबीचे धागे एकमेकांना अर्धवट चिकटून तो तयार होतो. प्रत्येक जेलवर माहीत असलेला हेट, माहीत असलेला साधा आणि नुसतं पाणी, हे तीन नमुने असलेच पाहिजेत. पाण्यात पट्टा आला तर ते जेल टाकून द्या, त्यातला एकही निकाल वापरू नका.

मूळ स्प्लॉचसारखा एका अक्षराचा बदल असेल तर लांबी सारखीच राहते. तिथे पीसीआर उत्पादनाचं सीक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचणं, किंवा तशी दुसरी पद्धत लागते.

आकडे

हेट आणि हेटच्या जोडीतून १:२:१ अपेक्षित असतं. एका वेतात आठ भ्रूण असले तर दोन होमो मिळावेत, पण निसर्ग वेतागणिक हिशेब ठेवत नाही. आठ भ्रूणांत एकही होमो नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा आठवा घात, म्हणजे साधारण १० टक्के. निदान एक तरी होमो मिळेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ भ्रूण लागतात. सहा होमो हवे असतील तर तीन वेतांवर विसंबू नका, पाचांची तयारी ठेवा आणि परवानगीच्या अर्जात आधीच तेवढी संख्या लिहा. दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची जनुकं एकत्र बिघडवायची असतील तर हवा तो भ्रूण सोळांत एक. ही संख्या डोळ्यांसमोर आली की प्रयोगाचा विचारच बदलतो. कमी प्राणी वापरणं म्हणजे कमी भ्रूण काढणं नव्हे. अर्धवट संख्येवर थांबवलेला प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि पहिल्या फेरीतले सगळे प्राणी वाया जातात.

गुणोत्तर बिघडलं तर त्याकडे दोष म्हणून नाही, माहिती म्हणून पाहा. १९०५ मध्ये ल्युसियाँ क्युएनो यांना दिसलं की पिवळ्या उंदरांची शुद्ध जात तयारच होत नाही. पिवळा आणि पिवळ्याच्या जोडीत नेहमी काही साधे निघतात. पाच वर्षांनी विल्यम कॅसल आणि लिटल यांनी गुणोत्तर २:१ असल्याचं दाखवलं आणि वेतंही लहान असल्याचं दाखवलं. दोन पिवळ्या प्रती असलेले भ्रूण गर्भातच मरत होते. तुमच्याकडे तीन आठवड्यांच्या पिल्लांत एकही होमो नसेल तर आधी १२.५ दिवसांवर बघा, तिथे १:२:१ असेल तर मृत्यू त्यानंतर होतोय. नसेल तर ९.५ वर जा. अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते पाहणारी काय-स्क्वेअर चाचणी लावा, पण भ्रूणांची संख्या पुरेशी झाल्यावर.

परिणाम वाचताना

होमो भ्रूणात कवटी उघडी राहण्याचं प्रमाण शंभर टक्के नसतं आणि ते पार्श्वभूमीप्रमाणे बदलतं. त्यातही उंदरांच्या कितीतरी लाइन्समध्ये मादी भ्रूणांत ते जास्त असतं. पी५३ निकामी केलेल्या उंदरांत तर उघडी कवटी प्रामुख्याने माद्यांतच दिसली. म्हणून भ्रूणाचं लिंगही पीसीआरने ठरवा आणि निकाल वेगवेगळे मांडा.

आईचं खाणंही लिहून ठेवा. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. १९९८ मध्ये अ‍ॅन्जेलीन फ्लेमिंग आणि अँड्र्यू कॉप यांनी दाखवलं की स्प्लॉचच्या भ्रूणांना फोलिक अ‍ॅसिड किंवा थायमिडीन दिलं तर त्यातल्या काहींची मज्जानलिका बंद होते. त्याआधी १९९१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत, आधी मज्जानलिकेचा दोष असलेलं मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे तुमच्या पिंजऱ्यातल्या खाद्यात फोलिक अ‍ॅसिड किती आहे, यावर तुमच्या म्युटंटचा परिणाम हलू शकतो. खाद्याचा उत्पादक बदलला, गोळ्यांची बॅच बदलली तर तारीख टाका. 'कर्ली टेल' या दुसऱ्या म्युटंटवर मात्र फोलिक अ‍ॅसिडचा उपयोग होत नाही, इनॉसिटॉलचा होतो. एकाच दिसणाऱ्या दोषामागे वेगवेगळी कारणं असतात.

होमो लवकर मरतात आणि तुम्हाला पाहायचंय प्रौढ अवयवातलं काम, तर क्रे-लॉक्स पद्धतीकडे जावं लागतं. त्यात क्रे नावाच्या प्रथिनाने जनुक हव्या त्या ऊतीत, हव्या त्या वेळी बंद करता येतं. इथे एकच सांगते: नुसता क्रे असलेला, जनुक शाबूत असलेला भावंड-कंट्रोल ठेवाच. क्रे हे प्रथिन स्वतःही पेशींना त्रास देऊ शकतं, आणि 'फक्त हृदयात' म्हणून विकत घेतलेला क्रे अधूनमधून दुसरीकडेही चालू होतो.

लाइन गोठवून ठेवा

जॅक्सन लॅबोरेटरी १९२९ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये बार हार्बरच्या आगीत जवळजवळ पूर्ण जळाली. कॉलन्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण आधी तिथून उंदीर घेतलेल्या प्रयोगशाळांनी ते परत पाठवले. आज नराचं वीर्य किंवा भ्रूण गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. लाइन नीट प्रस्थापित झाली आणि पहिला निकाल पक्का झाला की लगेच दोन-तीन हेट नरांचं वीर्य संस्थेच्या प्राणीगृहातर्फे गोठवून घ्या. तुम्ही काम संपवून जाल तेव्हा पुढच्या विद्यार्थ्याला पिंजरे द्यायची गरज उरणार नाही, आणि उगाच पैदास चालू ठेवावी लागणार नाही. सोबत एक पान द्या: अ‍ॅलीलचं पूर्ण नाव, पार्श्वभूमी आणि पिढी, प्रायमरचा क्रम, पट्ट्यांच्या अपेक्षित लांबी, एक चांगल्या जेलचा फोटो, कुठल्या दिवशी किती होमो मिळाले त्याची सारणी, आणि गोठवलेल्या नळ्या कुठल्या टाकीत, कुठल्या खणात आहेत ते.